खुणेच्या अलीकडे

"कुणी हात घातला यात?" मी जवळजवळ ओरडलोच.

काउंटरवर वूफरचा डबा होता, जाळी निघालेला. आतल्या आठ इंची स्पीकरचा काळा कागद मधोमध चेपला होता, कडेचं रबर एका बाजूनं उसवलं होतं, आणि कागदावर पाच खड्डे पडले होते. पंजा ठेवून दाबल्याशिवाय असे खड्डे पडत नाहीत, हे सांगायला मिस्त्रीही लागत नाही.

"पोरांच्या हातात वस्तू द्यायच्या आणि मग सिद्रामअण्णा बघा, सिद्रामअण्णा करा! कॉइलसुद्धा घासतेय याची. कामातून गेला हा स्पीकर."

"पोरानं नाही केलं हो अण्णा," बाई खाली बघत म्हणाली. "मामांनी केलंय."

तिनं मागं बोट दाखवलं. दुकानाच्या पायरीवर एक म्हातारा उभा होता. खांद्यावर टॉवेल, अंगात बंडी, आणि नजर माझ्या चेहऱ्यावर नाही, तर थेट त्या फाटक्या कागदावर. दवाखान्यात आपलं माणूस आत नेलेलं असावं तसा उभा होता.

आता तेरा वर्षं झाली त्याला. तेव्हा माझं दुकान सोलापुरात साखर पेठेच्या तोंडाशी होतं. रेडिओ, टेपरेकॉर्डर सगळं संपत आलेलं, आणि घरोघरी होम थिएटरचं खूळ शिरलेलं. चार पिटुकले स्पीकर आणि घुमायला एक मोठा डबा. त्या डब्यातच त्याचं मशीन असतं, घरच्या लाइटवर चालणारं. पेठेत असला डबा बिघडला की माझ्याकडंच यायचा. डोकं माझं तापट, पण हात चांगला, असं लोक म्हणायचे, आणि ते ऐकायला मला आवडायचं.

बाई मागच्याच गल्लीतली. भूदेवी येमुल. घरी विड्या वळायची. पायरीवरचा म्हातारा म्हणजे तिचा सासरा, मल्लय्या येमुल. पद्मशाली लोक, घरात तेलुगू, पण बाहेर मराठी आपल्यासारखीच. मल्लय्यामामांनी चाळीस वर्षं यंत्रमागावर चादरी विणल्या होत्या. मागाच्या खडखडाटानं त्यांचे कान हळूहळू गेले, आणि कारखाना बंद पडला तोवर ते ठार बहिरे झाले होते.

"बहिऱ्या माणसाला होम थिएटर?" मी हसलो. चांगलं मोठ्यानं हसलो. आज आठवलं की स्वतःच्या थोबाडीत मारावीशी वाटते.

भूदेवीला राग आला नाही. "त्यांना कानानं नाही येत ऐकू. डब्यावर हात ठेवला की येतं. आधी वरून हात ठेवायचे. मग एक दिवस जाळी काढून आतच हात लावला. म्हणाले, आत जास्त चांगलं कळतं. दिवसभर तिथंच बसलेले असतात. डबा बंद पडल्यापासून जेवण सोडलंय बघा. चार दिवस झाले, नुसता चहा."

"काय कळतं त्यांना त्यातलं?"

ती सासऱ्याकडं वळली आणि हातांनी काहीतरी केलं. ही मुक्या-बहिऱ्यांच्या शाळेतली भाषा नव्हती. कारखान्यात शेकडो माग एकदम चालू असले की शेजारच्याचं बोलणं कुणाला ऐकू येत नाही. तिथं सगळे खुणांनीच बोलतात. दोन मुठी एकमेकींपासून झटक्यात ओढल्या की तार तुटली. विणणारे सुताच्या धाग्याला तारच म्हणतात. अंगठा आणि तर्जनी एकमेकींवर चोळली की तार जोड. सासऱ्याशी बोलता यावं म्हणून भूदेवी त्या सगळ्या खुणा शिकली होती. मागावर उमर घालवलेला तिचा नवरा अंबादास मात्र बापाशी खुणेनंही फारसा बोलायचा नाही. ते मला नंतर कळलं.

"माग कळतो!" म्हातारा एकदम मोठ्यानं बोलला. बहिरी माणसं बोलतात तसं, सगळं एका पट्टीत. "मिस्त्री, हात ठेवला की माग चालू असतो! चार दिवस झाले, माग बंद आहे!"

मग त्यांनी दोन मुठी झटक्यात ओढून दाखवल्या.

मला पुढं हसू आलं नाही.

मी मशीन तपासलं, ते ठणठणीत होतं. फक्त आतला स्पीकर बदलायचा होता. चार स्क्रू, दोन वायरी, वीस मिनिटांचं काम. अडचण एकच होती. जुना स्पीकर आठ ओहमचा होता आणि तसला, त्याच मापाचा, सोलापुरात त्या दिवशी कुणाकडं नव्हता. मी तीन दुकानांत फोन केले. पुण्याहून मागवायचा तर आठवडा जाणार.

"आठवडा?" भूदेवीचा चेहरा उतरला. "परवा नारळी पौर्णिमा आहे अण्णा. मार्कंडेय महाराजांचा रथ. आम्ही सगळे जाणार, मामांचे गुडघे गेलेत, ते घरीच राहणार एकटे. सण आहे, त्यांनी जेवावं एवढंच बघते मी."

माझ्या फळीवर एक आठ इंची स्पीकर पडून होता. चांगला, नवाकोरा, पण चार ओहमचा. ओहम म्हणजे काय ते सोप्या भाषेत सांगतो. चारचा स्पीकर त्याच मशीनकडून दुप्पट ओढून घेतो. मशीन तेवढं द्यायला बसवलेलं नसतं, म्हणून ते तापतं. आवाज बारीक ठेवला तर निभावतं. मला हे माहीत होतं. रेडिओ मेकॅनिकच्या पहिल्या महिन्यात शिकवतात ते हे.

"आहे माझ्याकडं," मी म्हणालो. "बसा दोघं."

का म्हणालो? म्हाताऱ्याची दया आली, हे खरं आहे. पण त्याहून खरं म्हणजे, साखर पेठेत सिद्राम कोऱ्याकडून काम परत गेलं, असं मला होऊ द्यायचं नव्हतं.

जुना स्पीकर काढला. नव्याची भोकं जुळेनात, मी नवी पाडली. कडेला रबराची पट्टी लावली, वायरींना शिसं लावलं. स्पीकर नवा घातला की वायरी सुलट्या आहेत का ते बघायची एक जुनी रीत आहे. बॅटरीचा सेल घ्यायचा आणि क्षणभर टेकवायचा. कागद बाहेर उडाला तर बरोबर, आत गेला तर उलट्या. सेल टेकवण्याआधी मी मल्लय्यामामांना जवळ बोलावलं, त्यांचा हात धरला आणि कागदावर अलगद ठेवला.

"दाबायचं नाही!" मी बोट नाचवलं. भूदेवीनं खुणेनं सांगितलं.

मी सेल टेकवला. टक्.

"धोटा!" म्हातारा ओरडला. "धोटा मारला! ए भूदेवी, धोटा मारला बघ!"

धोटा म्हणजे मागावर आडवं सूत घेऊन इकडून तिकडं टक्कन धावणारी लाकडी नळी. त्यांच्या डोळ्यांत पाणी आलं. माझ्याही आलं, खोटं कशाला बोलू.

दुसऱ्या दिवशी सकाळी दुकान उघडतो तोच दोघं पुन्हा हजर. रिक्षात डबा.

"अण्णा, काल संध्याकाळी अर्धा तास चालला. मामा पोटभर जेवले. आणि मग फट झालं आणि बंद."

मी मागची छोटी टोपी फिरवून फ्यूज काढला. काचेची नळी काळी पडली होती. नवा घातला, गाणं लावलं, आवाज वाढवला, तोही गेला. आता मला कळायचं काही शिल्लक नव्हतं. मशीन जास्त ओढत होतं आणि फ्यूज त्याचं काम करत होता.

मी ज्यांच्याकडं शिकलो ते बागवान उस्ताद फ्यूजविषयी एकच गोष्ट सांगायचे. "अरे, तो मरायलाच बसवलेला असतो. मेला तर शिव्या देऊ नकोस, का मेला ते विचार." गेलेल्या फ्यूजवर तांब्याची तार गुंडाळून पुढं ढकलायचं, याला आमच्याकडं तार मारणं म्हणतात. उस्तादांच्या दुकानात एकानं एकदा तार मारली होती. त्याच दिवशी त्याला त्यांनी घरी पाठवलं, आणि पुन्हा दुकानाची पायरी चढू दिली नाही.

मी दहा वर्षं त्यांच्याकडं काढली आणि वीस वर्षं स्वतःचं दुकान चालवलं. त्या सकाळपर्यंत मी तार मारली नव्हती.

"काय झालंय अण्णा?" भूदेवीनं विचारलं.

चुकीचा स्पीकर घातला, एवढं म्हणायचं होतं. तीन शब्द. जीभ रेटेना.

"तुमच्या गल्लीत व्होल्टेज वर-खाली होतंय," मी म्हणालो. "त्यामुळं फ्यूज उडतो."

मल्लय्यामामा काउंटरवर वाकून माझ्या हातांकडं बघत होते. मेलेला फ्यूज त्यांनी उजेडात धरला. आतली बारीक तार तुटलेली त्यांना दिसली. विणकराच्या डोळ्यांना तुटलेली तार दिसायला वेळ लागत नाही. त्यांनी अंगठा आणि तर्जनी माझ्यासमोर चोळली. तार जोड.

मी वायरीच्या तुकड्यातून तांब्याची एक तार उपसली, फ्यूजवर दोन वेढे दिले आणि टोपी बसवली. डबा घुमायला लागला. म्हाताऱ्यानं माझ्या पाठीवर थाप मारली.

"काय केलंत?" भूदेवीनं विचारलं.

"तार जोडली."

"काही होणार नाही ना?"

"मी आहे ना इथं! पौर्णिमा होऊ दे. पुण्याहून माल येतोय, आला की कायमचं करून देतो. तोवर आवाज मोठा करायचा नाही, एवढंच."

"अहो, मोठा-बारीक त्यांना कसं कळणार?"

हे तिचं बरोबर होतं. मी खोडायच्या पांढऱ्या शाईची बाटली घेतली आणि आवाजाच्या बटनाशेजारी एक रेघ ओढली. निम्म्याच्याही जरा अलीकडं. "या खुणेपुढं नाही. सांगा त्यांना."

तिनं सासऱ्याला समोर बसवलं. पांढऱ्या रेघेवर बोट ठेवलं, मग दोन्ही हात आडवे धरले. माग बंद कर. पुन्हा रेघ, पुन्हा हात. तीनदा. मल्लय्यामामांनी तीनदा मान हलवली, आणि चौथ्यांदा सुनेच्या डोक्यावर टपली मारली, कळलं ग बाई, म्हणून.

"हे मी बघते अण्णा," जाताना ती म्हणाली. "माझं ऐकतात ते."

पौर्णिमेला दुपारी रथ आमच्या चौकात आला तेव्हा मी दुकानाचं शटर अर्धं ओढून बाहेर उभा होतो. पेठ माणसांनी भरलेली होती. दोराला हात लावायला झुंबड उडाली होती आणि दोर ओढणाऱ्यांत अंबादास येमुल होता, कपाळभर कुंकू. बायकांच्या घोळक्यात भूदेवी दिसली. नवी साडी, केसांत अबोली. मला बघून तिनं लांबूनच अंगठा आणि तर्जनी चोळली आणि हसली. डबा चालू आहे, असं तिला सांगायचं होतं.

मग गर्दीच्या मागच्या बाजूनं कुणीतरी ओरडलं. धूर. येमुलांच्या गल्लीत धूर.

मी पोहोचलो तेव्हा लोकांनी दार तोडलं होतं. दाराला आतून कडी होती. बाहेरच्या खोलीतूनच धूर येत होता, काळा, फोमच्या वासाचा. दोघा पोरांनी मल्लय्यामामांना ओढून बाहेर आणलं. भाजलेले फारसे नव्हते. धुरानं गेले होते. त्यांच्या अंगावर, त्यांच्या हातच्या विणीची असावी, अशी एक सोलापुरी चादर अर्धी जळलेली होती. त्या चादरीचा दुसरा भाग डब्यावर होता. डबा आणि ते एकाच चादरीखाली बसले होते. हादरे जास्त कळावेत म्हणून ते तसंच बसायचे, हे मला भूदेवीनं आधी सांगितलं असतं तर? पण मी विचारलं कुठं होतं?

शेजारच्या बोल्लीबाई रडत रडत सगळ्यांना एकच गोष्ट सांगत होत्या. "दार वाजवलं हो मी. किती वाजवलं. त्यांना ऐकू येईना. आधी तो डबा धबधब वाजत होता. मग बंद झाला, तेव्हा मला बरंच वाटलं. म्हटलं, झोपले म्हातारबुवा."

भूदेवी धावत आली तेव्हा अबोली सुटून तिच्या पदराला अडकली होती. ती सासऱ्यापाशी बसली, त्यांचा हात हातात घेतला आणि त्यांच्या तळव्यावर आपली बोटं चोळत राहिली. पुन्हा पुन्हा. तार जोड, तार जोड. तिला कुणी उठवू शकेना.

दुसऱ्या दिवशी सकाळी हवालदार माझ्या दुकानात आला. "मिस्त्री, चला जरा. पंचनामा करायचा आहे. लाइटीचं तुम्हाला कळतं."

खोलीत चार माणसं होती. हवालदार, मी, कोपऱ्यात भिंतीला टेकून उभी भूदेवी, आणि अंबादास. रडून रडून त्याचा आवाज बसला होता.

"लाइटीचं काही नाही साहेब," तो म्हणाला. "हिनं देवापुढं समई पेटती ठेवली आणि रथाला गेली. मी म्हटलं होतं हिला, विझव. म्हणाली, सणाचा दिवस आहे, दिवा विझवू नये. हिच्या समईनं माझा बाप खाल्ला."



मी समईकडं बघितलं. देवघर समोरच्या कोपऱ्यात होतं. समई काळवंडली होती पण उभी होती, जागची हललीसुद्धा नव्हती. आणि जिथं डबा होता तिथली फरशी तडकली होती, वरची भिंत छतापर्यंत जळली होती. आग कुठं लागली ते कुणाही आंधळ्याला कळलं असतं. पण हवालदाराला लाइटीतलं कळत नव्हतं आणि अंबादासला त्या दिवशी काहीच कळायचं नव्हतं. कळत होतं ते फक्त मला.

मी डब्यापाशी उकिडवा बसलो. लाकूड जळून गेलं होतं, मागचा पत्रा शिल्लक होता. बटनाचं प्लास्टिक वितळलं होतं, पण आतला लोखंडी दांडा होता. त्या दांड्याची एक बाजू सपाट असते, तिच्यावरून बटन कुठं फिरवलं होतं ते कळतं. पत्र्यावर माझी पांढरी रेघ पिवळी पडून दिसत होती. मी दांडा बघितला आणि रेघ बघितली. मग फ्यूजची टोपी फिरवली. आत काचेची नळी होती आणि तिच्यावर तांब्याचे दोन वेढे, जसेच्या तसे.

सगळ्यांकडं माझी पाठ होती. मी फ्यूज मुठीत घेतला. मूठ खिशात गेली.

"यातून लागली काय?" हवालदारानं विचारलं.

मला वाटलं होतं, मी उत्तर देईपर्यंत थोडा वेळ मिळेल. पण भूदेवी तेवढ्यात पुढं झाली. तिचे ओठ सुकले होते.

"अण्णा," ती म्हणाली, "तुम्ही ती तार जोडली होती ना? ती तुटली का हो?"

तिला एवढंच माहीत होतं. सासऱ्याकडून शिकलेलं. तार तुटली तर बिघडतं, नाही तुटली तर सगळं ठीक.

"नाही," मी म्हणालो. "तुटली नाही."

आणि हे खरं होतं. शब्दाशब्दानं खरं होतं. तुटली असती तर म्हातारा जगला असता.

"मग डब्याचं नाही," हवालदार म्हणाला आणि त्यानं लिहिलं. अंबादासनं मान डोलावली. भूदेवी भिंतीपाशी मागं सरकली आणि खाली बसली. तिनं डोक्यावरून पदर घेतला, तो चेहऱ्यापर्यंत ओढला. आग समईनंच लागली, हे तिचंही आता ठरलं होतं.

मी का गप्प बसलो, याची कारणं मी स्वतःला पुष्कळ सांगितली. दोन मुली लग्नाच्या होत्या. दुकान बंद पडलं असतं. जाणारा तर गेलाच. सगळी नुसती बोलायला कारणं. खरं सांगायचं तर मी भ्यालो. पोलिसांना भ्यालो आणि त्याहून जास्त पेठेला भ्यालो. सिद्राम कोऱ्यानं तार मारली आणि माणूस मेला, हे वाक्य मला कुणाच्या तोंडून ऐकायचं नव्हतं.

पोलिसांनी अपघात म्हणून प्रकरण मिटवलं. अंबादासनं बायकोला हाकललं नाही. त्यानं एवढंच केलं की तिला देवघराला हात लावायची बंदी घातली. काडी ओढायची नाही, दिवा लावायचा नाही. सणावाराला पूजा त्याची भावजय येऊन करायची आणि भूदेवी दाराबाहेर पायरीवर बसायची. पेठेत हे सगळ्यांना माहीत होतं. मी त्या गल्लीनं जायचं सोडलं. पुण्याहून आलेला आठ ओहमचा स्पीकर खोक्यासकट माळ्यावर टाकला, तो तिथंच आहे.

गेल्या श्रावणात ती माझ्या दुकानात आली.

केस पांढरे झाले होते. मी तिला लगेच ओळखलं. तिनं पिशवीतून एक वस्तू काढून काउंटरवर ठेवली. लाइटीवर चालणारी समई. पितळी मुलामा, वर पाच बारके बल्ब, ज्योतीसारखे.

"लेकीनं पाठवली पुण्याहून," ती म्हणाली. "म्हणाली, आई, याला काडी नको, वात नको, तेल नको. बाबा काही बोलणार नाहीत. यांनीही हो म्हटलं अण्णा. बारा वर्षांनी हो म्हटलं. आणि चार दिवस झाले नाहीत तोवर बंद पडली बघा. फ्यूज गेला वाटतं."

तिनं माझ्यासमोर अंगठा आणि तर्जनी धरली आणि चोळली. "तार जोडून द्या. परवा पौर्णिमा आहे."

मी समईच्या वायरीची पिन उघडली. आत फ्यूज होता, गेलेला. मी फ्यूजच्या डबीतून नवा काढला, त्याच मापाचा, आणि बसवला. पाची बल्ब लागले. तिचा चेहरा त्या उजेडात हसला, आणि मला ते सोसेना.

"तार नाही जोडली," मी म्हणालो. "नवा घातलाय."

"बरं झालं."

"भूदेवी, तार जोडायची नसते कधी. ती तुटण्यासाठीच असते." मी खालचा खण ओढला. आत अगदी मागं एक काडेपेटी होती. ती उघडून तिच्यासमोर ठेवली. काळी नळी, तांब्याचे दोन वेढे. "त्या दिवशी तू विचारलंस, तुटली का. मी म्हणालो, नाही. ती तुटली नाही म्हणूनच डबा पेटला. स्पीकर मी चुकीचा घातला होता. समईनं नाही लागली आग. माझ्यामुळं लागली."

ती काडेपेटीकडं बघत राहिली. मला वाटत होतं, तिनं ओरडावं, चप्पल काढावी, लोक गोळा करावेत. मी तयार होतो.

तिनं एकच विचारलं. "बटन कुठं होतं?"

"काय?"

"तुम्ही पांढरी रेघ काढली होती. मामांनी बटन कुठं ठेवलं होतं?"

तेव्हा मला कळलं की बारा वर्षं तिनं नुसतं समईचंच ओझं वाहिलं नव्हतं. मनात कुठंतरी तिला हेही वाटत होतं की आपण खूण नीट समजावली नाही.

"अलीकडं," मी म्हणालो. "खुणेच्या अलीकडं. बोटभर अलीकडं होतं. मी बघितलं होतं."



"माझं ऐकलं होतं त्यांनी," ती म्हणाली.

तिनं फ्यूज उचलला, पदराच्या टोकात बांधला आणि दोन गाठी मारल्या. पायरी उतरली. मी म्हणालो, "समई?" ती वळली नाही.

समई तशीच काउंटरवर राहिली. दोन दिवस मी दर माणसाच्या पावलाला दचकत होतो. पोलीस आले नाहीत. अंबादास आला नाही. पौर्णिमेला संध्याकाळी मला राहवेना. समई पिशवीत घातली, सायकल काढली आणि किती वर्षांनी त्या गल्लीत शिरलो.

येमुलांचं दार उघडं होतं. आत देवापुढं समई होती. माझ्या पिशवीतली नव्हे, जुनी, पितळेची, तीच. घासून लख्ख केलेली. पाच वाती जळत होत्या आणि भूदेवी समोर बसली होती, तिची पाठ मला दिसत होती.

पायरीवर अंबादास बसला होता. म्हातारा झाला होता, अगदी बापासारखा दिसत होता. त्यानं मला बघितलं, आणि भूदेवीनं त्याला सगळं सांगितलंय हे मला कळलं. उठला नाही, शिवी दिली नाही. नुसता उजवा हात वर केला, अंगठा आणि तर्जनी माझ्याकडं धरली आणि सावकाश चोळली. तार जोड.

मी सायकल हातात धरून गल्लीच्या टोकापर्यंत चालत गेलो. तिथं वळून बघितलं तर त्याचा हात अजून तसाच होता.